बार्बाची समुद्राकडची भिंत

बार्बा गुर्लावेनला एक खिडकी हवी होती. बंगला नको, दागिना नको, मुलाकडं ब्रेस्तला जाऊन राहणं तर नकोच नको. एक खिडकी. आता तुम्ही म्हणाल, एवढ्याशा गोष्टीत सांगण्यासारखं काय आहे? तुम्ही आमच्या पोर्स-केरेत जन्मला नाहीत म्हणून असं विचारता. आमच्याकडं सोपी गोष्ट अवघड करायला तीन म्हातारे पुरतात, आणि ते तिघंही रोज सकाळी धक्क्यावरच्या बाकावर हजर असतात. त्यातला एक मी. दुसरा जाकेझ, ज्याच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू आहे आणि तरी सगळं आधी त्यालाच दिसतं. तिसरा तुगदुआल. सगळ्या गावात अजून होडी बाळगून असलेला तो एकटा, आणि हे तो कुणाला विसरू देत नाही.

बार्बा मूळची आतली, बटाट्याच्या मुलखातली. लोम गुर्लावेनला ती एका जत्रेत भेटली. नाचताना तिनं त्याच्या पायावर पाय दिला आणि माफी मागायच्या ऐवजी त्यालाच म्हणाली, "एवढे मोठे पाय घरी ठेवून यायचे." लोम तिथंच गार झाला. लग्न झालं, ती आमच्या गावात आली, सासूनं तिला स्वयंपाकघर दाखवलं. ऐन दुपारी बार्बानं विचारलं, "दिवा कुठाय?"

मग लोमला बाजूला घेऊन म्हणाली, "अहो, घर समुद्रावर आहे म्हणाला होतात ना?"

"आहे की. अगदी लाटेवर."

"मग समुद्र कुठाय?"

"भिंतीच्या पलीकडं," लोम म्हणाला, आणि त्यानं भिंतीवर थोपटलं. घोड्याच्या मानेवर थोपटावं तसं.

त्या भिंतीचं सांगायला हवं. आमच्या खाडीच्या तोंडावर एक मोठा खडक आहे, त्याला आम्ही डुकरीण म्हणतो. तिच्या शेजारी पाण्याखाली दबून बसलेली तिची पिल्लं. मधून एकच वाट. ती वाट अशी सापडायची: चर्चचा मनोरा लोमच्या घराच्या पिवळ्या भिंतीच्या बरोबर माथ्यावर आला की सुकाणू धरायचं आणि सरळ आत यायचं. मनोरा डावीकडं सरकला की डुकरीण, उजवीकडं सरकला की पिल्लं. आमच्या आज्यापणज्यांच्या वेळेपासून ती भिंत पिवळी होती. दर वर्षी सेंट गेनोलेच्या जत्रेआधी सगळ्या होड्यांवरची माणसं शिड्या घेऊन यायची आणि पिवळ्या मातीचा चुना फासून जायची. भिंत गुर्लावेनांच्या घराची होती खरी, पण ती होड्यांची होती. हे कुठं लिहून ठेवलेलं नव्हतं. लिहायची गरजच काय?

म्हणून त्या भिंतीत खिडकी नाही. भिंतीजवळ झाड नाही, भिंतीवर वेल नाही. स्वयंपाकघराला जी एकुलती एक खिडकी, ती मागच्या बाजूला, आणि तिच्यातून दिसायचं जाकेझचं खुराडं. सकाळी अंडी काढायला जाकेझ खुराड्यात वाकला की त्याचा मागचा भागही दिसायचा. बार्बा म्हणायची, "दर्यावर्द्याशी लग्न केलं आणि जन्मभर हे बघतेय."

पहिल्याच वर्षी तिनं एक पराक्रम केला. समुद्राकडं चांगला वारा आहे, ऊन आहे, कुणी वापरत नाही, असं बघून बाईनं त्या भिंतीला दोरी बांधली आणि लग्नातल्या पांढऱ्या चादरी वाळत घातल्या. चार होड्या शेवंडांच्या मोहिमेवरून परत येत होत्या. पिवळी भिंत दिसेना! मनोऱ्याखाली पांढरंच काहीतरी फडफडतंय. तीन होड्या बाहेरच थांबून घिरट्या घालत राहिल्या. चौथीवर लोम होता. त्याला वाटलं, आपलंच घर, आपल्याला कोण अडवणार? तो सरळ आत शिरला आणि एका पिल्लावर जाऊन बसला. माणसं धडधाकट, पण सुकाणू तुटलं आणि जिवंत शेवंडांची टोपली पाण्यात. शेवंडं आमच्यापेक्षा शहाणी. ती मागं वळून न बघता निघून गेली.

त्या हिवाळ्यात बार्बाला गावातल्या बायका "चादरवाली" म्हणायच्या. तिनं दोरी काढली आणि पुन्हा त्या भिंतीला हात लावला नाही. पण लोमला एवढं मात्र म्हणाली, "ही होड्यांची भिंत आहे ना? मग होड्या संपल्या की माझी."

"होड्या कधी संपतात होय?" लोम हसला.

"संपल्या तर?"

"तर तुला खिडकी पाडून देतो. एवढी मोठी."

बोलून बसला बिचारा. होड्या संपतील हे तेव्हा कुणाच्या स्वप्नात होतं?

तर होड्या संपल्या. आधी तारल्यांचा कारखाना बंद पडला, मग शेवंडं कमी झाली, मग एकेक होडी विकली गेली किंवा मागच्या चिखलात आडवी झाली. शेवटची मोठी होडी गावाबाहेर चालली त्या दिवशी धक्क्यावर सगळ्या बायका रडत होत्या. बार्बा लोमच्या कोपराला धरून म्हणाली, "गवंडी कधी बोलावताय?"

लोम म्हणाला, "अगं, थांब जरा. तुगदुआल अजून जातो ना."

आणि तुगदुआल जातच राहिला. एक निळी, वीतभर होडी, तिला मागं मोटर. सकाळी जायचं, चार बांगडे धरायचे, परत यायचं. लोम दर वर्षी म्हणायचा, "एवढं वर्ष जाऊ दे." अशी किती वर्षं गेली आणि मग लोमच गेला. गादीवर, झोपेत, पायात मोजे घातलेले. लोमचं सगळंच असं होतं, घाईबिई काही नाही.

गेल्या हिवाळ्यात बार्बा सरळ बाकापाशी आली. हातात पिशवी, डोक्याला रुमाल, तोंड असं की आम्ही तिघंही आपोआप सरकून बसलो.

"मी खिडकी पाडणार," ती म्हणाली. "सांगून ठेवते. नंतर बोंबलू नका."

"कुठल्या भिंतीत?" जाकेझनं विचारलं.

"तुझ्या डोक्यात! कुठल्या म्हणजे? समुद्राकडच्या."

तुगदुआल उठून उभा राहिला. तो उभा राहिला तरी फारसा फरक पडत नाही, पण त्याला वाटतं पडतो. "बार्बे, ती भिंत तुझी नाही."

"घरपट्टी कोण भरतं?"

"भरत असशील. पण मी रोज तिच्यावर बघून आत येतो. माझा जीव आहे त्या भिंतीवर."

"तुझ्या त्या होडीत वाट दाखवायचं यंत्र बसवलंय ना मुलानं? हिरवं हिरवं चमकणारं?"

"यंत्र गेलं खड्ड्यात. यंत्राला डुकरीण काय माहीत?"

"आणि पिवळा रंग? लोम गेल्यापासून कुणी ब्रश लावलाय का तिला? दर वर्षी म्हणतोस, या जत्रेला लावतो, या जत्रेला लावतो."

"अजून चांगली पिवळी आहे. मला विचार. मी बघतो रोज."

आता हे खरं की खोटं, ते आम्हाला कळायला मार्ग नव्हता. ती भिंत धक्क्यावरून दिसत नाही. खाली शिडी टेकेल एवढाच निसरडा काठ, पुढं पाणी. बघायची तर होडीतूनच. माझे गुडघे मला होडीत चढू देत नाहीत आणि जाकेझ चढला तरी बघणार काय? म्हणजे गावाला भिंत दाखवणारा माणूस एकच, तुगदुआल. आणि त्याच्याकडून सरळ उत्तर काढणं म्हणजे खेकड्याच्या नांगीतलं मांस काढणं.

मी मधे पडलो. म्हटलं, "बार्बा, जाऊ दे ना. आता या वयात खिडकी घेऊन काय करणार?"

तिनं माझ्याकडं असं बघितलं की मला वाटलं, आता पिशवी डोक्यात बसते. "काय करणार? बाहेर बघणार! माणसं खिडकीचं काय करतात, गुल्वेन? तुझ्या घरात तळून खातात का?"

प्रकरण मेयरबाईंकडं गेलं. आमच्या मेयरबाई नोल्वेन, गावातलं केस कापायचं दुकान त्यांचंच. त्यामुळं त्यांच्यापुढं कुणी फार तोंड वर करत नाही, पुढच्या खेपेला कात्री कुठं फिरेल याचा नेम नसतो. त्या म्हणाल्या, गावाच्या जुन्या खुणेचा प्रश्न आहे, वसंतातल्या बैठकीत घेऊ. बार्बानं "बरं" म्हटलं. बार्बानं एवढ्या मुकाट्यानं "बरं" म्हटलं तिथंच आमच्या डोक्यात उजेड पडायला हवा होता. पण आमच्या डोक्यांनाही खिडकी नाही.

इस्टरच्या आधी तिचा भाचा गाडी घेऊन आला. बटाट्याकडचाच, हात फावड्याएवढे. "धुराडं साफ करायला आलाय," बार्बा म्हणाली. धुराडं चांगलंच तुंबलेलं असावं, कारण दोन दिवस नुसता ठोकाठोकीचा आवाज. जाकेझच्या कोंबड्यांनी अंडी द्यायची बंद केली. तो तक्रार करायला गेला तर बार्बानं त्याला दारातच लोणी-साखरेच्या केकचा तुकडा देऊन वाटेला लावलं.

त्यानंतर मला एका गोष्टीचा फार राग यायला लागला. मी रोज दुपारी बार्बाकडं कॉफी प्यायला जातो. लोम होता तेव्हापासून जातो, लोमच्या शेजारची खुर्ची माझी. आता मी गेलो की ती कॉफीचा वाडगा घेऊन दारातच उभी. "आत येऊ नकोस, फरशी ओली आहे." दुसऱ्या दिवशी फरशी ओली. तिसऱ्या दिवशी ओली. सबंध एप्रिल ओली. एवढा वेळ ओलं तर डुकरिणीचं पोटही राहत नाही! मी उंबऱ्यावर उभा राहून कॉफी पीत होतो, एखाद्या पोस्टमनसारखा. म्हटलं, खिडकीच्या भांडणात मी तुगदुआलची बाजू घेतली म्हणून ही सूड उगवतेय. मीही फुगून बसलो. जायचो मात्र रोज.

बैठक भरली जुन्या लिलावाच्या हॉलमध्ये. जिथं पूर्वी मासळीचा लिलाव व्हायचा तिथं आता मंगळवारी बायकांची योगासनं असतात, तरी पाऊस आला की तारलीचा वास येतोच. सगळा गाव आला. एरवी बैठकीला कोण जातं? पण तुगदुआल बोलणार म्हटल्यावर घरी कोण बसतं?

मेयरबाई म्हणाल्या, "तुगदुआलकाका, तुम्ही म्हणता की भिंतीची खूण अजून वापरात आहे. शेवटची कधी वापरलीत?"

तुगदुआल तयारीनं आला होता. लग्नातला कोट घातलेला, बटणं लागत नव्हती. "शेवटची? आज सकाळी! वारा पश्चिमेचा, लाटा ह्या एवढ्या. माझे डोळे कुठं? भिंतीवर! मनोरा कुठं? भिंतीच्या माथ्यावर! मोहरीच्या फुलासारखी पिवळीधमक भिंत. तिच्यात टाचणीएवढं भोक असतं ना, तर आज मी इथं तुमच्यापुढं नसतो. डुकरिणीच्या पायाशी असतो."

लोकांनी माना हलवल्या. मीही हलवली. बार्बा मागच्या रांगेतून उठली.

"आज सकाळी?"

"आज सकाळी."

"आणि डोळे भिंतीवर होते?"

"दुसरीकडं बघायला मला वेड लागलंय का?"

"लागलं नसेल. पण सुकाणू दोन गुडघ्यांत धरून, मागच्या टोकाला उभा राहून तू जे करत होतास ना, ते करताना माणूस खाली बघतो. भिंतीकडं नाही."

हॉलमध्ये असा हशा उसळला की योगासनांच्या चटयांचा ढीग कोसळला. तुगदुआलचे कान शेवंडासारखे लाल झाले. "काहीतरी बोलू नकोस!"

"टोपी उलटी होती. त्याआधी पाव खाल्लास, त्यातला तुकडा एका पक्ष्यानं पळवला, तर त्याच्या सगळ्या खानदानाला शिव्या घातल्यास. मूठ आवळून. डुकरीण मागं गेली तेव्हा तू मोटरशी भांडत होतास, तोंड आफ्रिकेकडं."

"तू... तू कुठं होतीस?"

"घरी. स्वयंपाकघरात. कॉफी पीत होते."

 मग जाकेझ म्हणाला, "स्वयंपाकघरातून कसं दिसेल? तिथून तर माझ्या कोंबड्या दिसतात."

"त्या खिडकीतून कोंबड्या दिसतात, जाकेझ. दुसरीतून नाही."

मेयरबाईंनी कपाळाला हात लावला. "कुठली दुसरी, बार्बाकाकू?"

"इस्टरच्या आधीपासून आहे. एवढी," आणि तिनं दोन्ही हात पसरले, लोमनं पसरले असतील तसे. "हा रोज येतो, रोज जातो. भिंतीला हे एवढं भगदाड पडलंय आणि यानं एकदाही मान वर करून बघितलं नाही. त्याच्या हातांना वाट माहीत आहे. आणि पिवळा रंग म्हणाल तर भिंत केव्हाच राखेसारखी झालीय. याच्या डोक्यात तेवढी पिवळी."

तुगदुआल उभा होता तो खाली बसला. मला त्याची कीव आली असती, पण माझ्या डोक्यात एकच गोष्ट घुमत होती: फरशी ओली नव्हती तर!

बार्बा मात्र खाली बसली नाही. म्हणाली, "एक सांगते आणि संपवते. तुमच्या सगळ्यांच्या बायकांनी खिडकीतून बघितलं, आपला माणूस आला. मला रस्त्यावरून कुणीतरी ओरडून सांगायचं, 'बार्बा, तुझा लोम आला गं.' दर वेळी. तो यायचा माझ्या भिंतीकडं बघत, आणि मी भिंतीच्या मागं. एकदाही मी त्याला येताना बघितलं नाही. आता बुजवायची असेल खिडकी तर बुजवा. कोण येतंय ते सांगा, कॉफी ठेवते."

कोण येणार? मेयरबाई म्हणाल्या, "पुढचा विषय, धक्क्यावरचे दिवे."

दुसऱ्या दिवशी दुपारी मी आत गेलो. माझ्या खुर्चीवर बसलो. इतकी वर्षं त्या खोलीत कॉफी प्यायलो आणि तिचं कपाट हिरवं आहे हे मला त्या दिवशी कळलं. समोर सगळा समुद्र, मधोमध डुकरीण, भरतीत पोटापर्यंत बुडालेली. बार्बा कोपऱ्यातली जळमटं काढत होती. "उजेडाचं हे एक वाईट," ती म्हणाली. "सगळं दिसतं."

मला वाटलं, चला, प्रकरण मिटलं. कसलं मिटतंय? तुगदुआल समुद्रावर जायचाच बंद झाला. होडी बांधून ठेवली, बाकावर येऊन बसला. एक दिवस, दोन दिवस, आठवडा. बार्बा खिडकीत, पुढं एवढा मोठा समुद्र, आणि त्यात यायला कुणी नाही! जी एक होडी बघायची ती धक्क्याला बांधलेली. जन्मभर थांबून खिडकी मिळवली आणि खिडकीत पाणी!

शेवटी ती पदराला हात पुसत बाकापाशी आली. एप्रनचा पदर तो, पिठानं माखलेला. "तुगदू, होडी काढ."

"कशी काढू? भिंत फोडलीस."

"महिनाभर फोडलेल्या भिंतीवरून येत होतास ना?"

"तेव्हा मला माहीत नव्हतं. आता माहीत झालंय."

"मग?"

"मग काय? आता भीती वाटते."

बार्बानं माझ्याकडं बघितलं. मी जाकेझकडं बघितलं. जाकेझनं कुठं बघितलं देव जाणे. या माणसाला काय म्हणावं? दिसत नव्हतं तेव्हा बिनधास्त, आणि आता कळलं म्हणून वाट चुकणार! पण मी दर्यावर्दी माणूस, मला ते थोडंसं पटलंही, आणि पटलं म्हणून स्वतःचाच राग आला.

"मग हवंय तरी काय तुला?" बार्बा ओरडली. "पुन्हा भिंत बांधू?"

तुगदुआल बुटांकडं बघत म्हणाला, "नको. पण खिडकीला झडपा असतीलच ना. त्या रंगव. लांबून दिसतील अशा. आणि मी बाहेर असलो की उघड्या ठेव. मी मनोरा खिडकीवर घेईन."

"रंग मी ठरवणार."

"पिवळा..."

"पिवळ्याचं नाव काढलंस तर बघ."

झडपा लाल झाल्या, उकडलेल्या शेवंडासारख्या. रंगवल्या तुगदुआलनंच, शिडीवरून, खाली भाचा शिडी धरून आणि वर बार्बा खिडकीतून बोट दाखवत, "इथं राहिलं, तिथं राहिलं, डोळे कुठं आहेत, भिंतीवर का?" हे वाक्य ती आता त्याला मरेपर्यंत ऐकवणार.

आता असं चालतं. तुगदुआल सकाळी जातो. जेवणाच्या आधी डुकरिणीपाशी तो दिसायला लागतो, आणि झडपा बंद! रोज! तो तिथं थांबून मोटर गुरगुरवतो. बार्बा झडपेच्या फटीतून बघते. मग तो वाकतो आणि एक बांगडा शेपटीला धरून उंच करतो.

काल मी आणि जाकेझ तिथंच होतो. जाकेझ म्हणाला, "उघड गं, धरलाय त्यानं."

"लहान आहे."

"अगं, समुद्र चढतोय."

"हातांना वाट माहीत आहे त्याच्या. थांबू दे."

तुगदुआलनं दुसरा बांगडा वर केला. दोन्ही हातांत दोन, सुकाणू पुन्हा गुडघ्यांत. तेव्हा कुठं बार्बानं धाडकन झडपा उघडल्या, रस्त्याकडच्या दाराशी गेली आणि सगळ्या गल्लीला ऐकू जाईल अशी ओरडली, "तुगदुआल आला गं!" कुणी विचारलं नव्हतं. ती रोज ओरडते.

मग परत आली, तवा चुलीवर ठेवला, कुट्टूच्या धिरड्यांचं पीठ ढवळलं आणि खिडकीत नाक खुपसून बसलेल्या आम्हा दोघांच्या पाठीत झाऱ्याचं टोक खुपसलं.

"सरका बाजूला. एवढी वर्षं भिंत होती, आता तुमची डोकी."